एच-४ वरच्या जोडीदाराचं ग्रीन कार्ड: कुठल्या रांगेत उभं राहायचं?

अमेरिकेत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचा जोडीदार म्हणून, आलेल्या माणसाच्या मनात एक हिशेब हमखास चालू असतो: इतकी वर्षं झाली, आता किती राहिली? या हिशेबाला तिथं काही अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक वर्षं कायदेशीर वास्तव्य झालं, की कायम राहण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. अमेरिकेचा कायदा अशी वर्षं मोजत नाही. एच-४ वर कुणी दोन वर्षं काढली काय आणि पंधरा काढली काय, ग्रीन कार्डाच्या दृष्टीनं दोन्ही सारखीच. एच-४ ही फक्त सोबत राहण्याची परवानगी आहे, आणि तीही मुख्य व्हिसाधारकाच्या एच-१बी वर टांगलेली. ग्रीन कार्ड येतं ते रांगेतून. त्यामुळे जोडीदारासाठी वाट निवडताना खरा प्रश्न असतो तो हा, की त्याचं नाव कुठल्या रांगेत, कुठल्या तारखेला आणि कुणाच्या मागे लागतं.

नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात. १९९० च्या कायद्यानं ठरवलेला हा आकडा आजही तोच आहे. त्यातली २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,०००, ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गाला मिळतात आणि तेवढीच ईबी-३ या पदवीधर व कुशल कामगारांच्या वर्गाला. शिवाय कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, हा दुसरा नियम. गुणाकार केला तर भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला ईबी-२ मध्ये वर्षाला २,८०० च्या आसपास जागा येतात. इतरांनी न वापरलेल्या जागा मिळाल्या तर थोड्या जास्त. आणि नवरा, बायको, मुलं यांची कार्डंही याच आकड्यातून कापली जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. चौघांचं कुटुंब म्हणजे चार जागा. २०२५ संपताना भारतीयांच्या ईबी-२ रांगेत २०१३ मध्ये लावलेल्या अर्जांचे नंबर चालू होते, यामागचं गणित एवढंच आहे.

रांगेतल्या जागेला प्रायॉरिटी डेट म्हणतात. कंपनीनं कामगार खात्याकडे पर्मचा, म्हणजे या कामाला अमेरिकेत योग्य माणूस मिळत नाही हे दाखवणारा, अर्ज ज्या दिवशी दाखल केला, तो दिवस. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यातली तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली की ‘डेट करंट झाली’ आणि आय-४८५ हा प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा फॉर्म भरायची वेळ आली. हा फॉर्म मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसामागे १,४४० डॉलर फी धरून.

पहिली वाट: जोडीदाराच्या मागे

बहुतेक एच-४ धारकांची वाट हीच. कायद्यानुसार मुख्य अर्जदाराचा नवरा किंवा बायको त्याच वर्गात आणि त्याच प्रायॉरिटी डेटनं कार्ड मिळवू शकते. त्यासाठी जोडीदाराला वेगळी नोकरी, वेगळं पर्म, वेगळं आय-१४० (पर्मनंतर कंपनी इमिग्रेशन खात्याकडे भरते तो अर्ज) काही लागत नाही. अमोलचं पर्म २०१४ मध्ये लागलं आणि सायलीशी त्याचं लग्न २०२२ मध्ये झालं, तरी सायलीची तारीख २०१४ चीच.

या वाटेचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी झालेल्या लग्नाच्या जोरावर कार्ड मिळालं आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसली, तर कार्ड सशर्त असतं. दोन वर्षांची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून लग्न खरंच चालू आहे, हे पुन्हा सिद्ध करावं लागतं. नोकरीच्या रांगेतून मुख्य अर्जदारामागे आलेल्या जोडीदाराला ही अट लागत नाही. त्याचं कार्ड पहिल्या दिवसापासून पक्कं.

एक अट मात्र अशी आहे की ती चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही. मुख्य अर्जदाराचं ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असायला हवं. एक दिवस आधी झालं तरी चालतं. एक दिवस उशीर झाला, तर जोडीदार या रांगेतून बाहेर.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. जुलै २००७ च्या बुलेटिनमध्ये नोकरीच्या जवळजवळ सगळ्या वर्गांच्या तारखा एकदम करंट झाल्या. मग सरकारनं माघार घेतली, मग माघारीचीही माघार घेतली, आणि शेवटी १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ ची अर्ज भरण्याची तारीख भारतीयांसाठी थेट जानेवारी २०१५ वर उडी मारून गेली. अशा वेळी अविवाहित माणसाची मोठी कोंडी होते. अर्ज भरावा, तर तो कधी मंजूर होईल याचा नेम नाही. न भरावा, तर तारीख मागे गेल्यावर पुन्हा कित्येक वर्षं थांबा.

माझं मत स्पष्ट आहे: अर्ज भरावा, पण एच-१बी सोडू नये. आय-४८५ भरल्यावर काम करण्याचं वेगळं परवानगीपत्र मिळतं. त्याला ईएडी म्हणतात. ते हातात आलं की पुष्कळ जण एच-१बी वाढवायचं सोडून देतात. कंपन्यांनाही खर्च वाचतो म्हणून ते बरं वाटतं. लग्न व्हायचं असेल तर हे महागात पडतं, कारण एच-४ मिळतो तो एच-१बी वर असलेल्याच्या जोडीदाराला. नवरा ईएडीवर गेला, की भारतातल्या बायकोला एच-४ वर आणण्याचा रस्ताच उरत नाही. मग तिला तारीख करंट होईपर्यंत भारतातच थांबावं लागतं.

लग्न आधी झालंय पण जोडीदार भारतात आहे आणि इकडे कार्ड मंजूर झालं, तर हक्क जात नाही. आय-८२४ भरून जोडीदाराला मागाहून बोलावता येतं. त्याचा व्हिसा वाणिज्य दूतावासातून निघतो, आपल्याकडच्या लोकांसाठी मुंबईहून, बांद्रा-कुर्ला संकुलातून. तारीख तीच जुनी राहते. फक्त तोवर मुख्य व्यक्तीनं अमेरिकन नागरिकत्व घेऊ नये. घेतलं तर मागाहून येण्याचा हा हक्क संपतो आणि दुसऱ्या वर्गातून नव्यानं सुरुवात करावी लागते.

लग्नाची तारीख म्हणजे कुठली तारीख?

मुहूर्त सहा महिन्यांनी आणि डेट पुढच्या महिन्यात करंट होणार, अशा पेचात ‘आधी नोंदणी करून टाकू, मांडव नंतर घालू’ असं ठरवणारी घरं पुष्कळ. कल्पना चांगली आहे, पण ती कुठल्या कायद्याखाली करताय याला महत्त्व आहे. हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही आधी झालेल्या लग्नाची नोंद असते. विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्यानं लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे विधी न करता त्या कायद्याखाली दाखला काढला, तर त्या कागदाखाली लग्नच नसण्याचा धोका, आणि वर अमेरिकन सरकारला दिलेली माहितीही खोटी ठरण्याचा. विधीशिवाय लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात विवाह अधिकाऱ्यासमोर सही झाली की तेच लग्न. पण ३० दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो. मुलगा अमेरिकेत असला तरी मुलीच्या पत्त्यावरून हे भागतं. मुलानं मात्र दोन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन सगळं उरकायचं म्हटलं, तर नोटीस आधी लागलेली हवी.

व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा तसंच्या तसं धरत नाही. दोघं एका जागी नसताना लग्न लागलं, तर त्यानंतर नवरा-बायको म्हणून प्रत्यक्ष एकत्र येणं आवश्यक असतं.

जन्म कुठं झाला, हे विचारलंय का?

रांग ठरते ती जन्माच्या देशावरून. पासपोर्ट कुठला आहे, याचा इथं संबंध नाही. आणि जोडीदारापैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. मुख्य अर्जदार भारतात जन्मलेला आणि बायको मस्कतला, कारण तिचे बाबा तेव्हा तिथं नोकरीला होते: अशी जोडी ओमानच्या हिशेबात जाते. भारतीय पासपोर्टवर, भारतात वाढलेली, पाचवीपासून पुण्याच्या शाळेत शिकलेली मुलगी, तरीही. जन्मदाखला ओमानचा आहे ना, मग झालं. या सवलतीसाठी दोघांनी एकत्र अर्ज करायचा असतो, किंवा जिच्या जन्मस्थानाचा आधार घेतलाय तिला मागे ठेवून मुख्य अर्जदारानं पुढं जायचं नसतं.

कुवेत, दुबई, बहारीन, नायजेरिया इथं जन्मलेली मराठी मंडळी कमी नाहीत. त्या देशांच्या रांगाही अलीकडे रिकाम्या नसतात, पण तिथलं थांबणं भारतीय रांगेच्या मानानं किरकोळ. वकिलाच्या फॉर्मवर जोडीदाराचं जन्मस्थान लिहिलेलं असतं आणि तरी त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, असं होतं. स्वतःहून विचारा. ही सवलत मुलांच्या जन्मावरून आईवडिलांना मिळत नाही, उलट दिशेनं मिळते.

रांगेत असताना

थांबण्याच्या वर्षांत एच-४ वर काम करता येतं का, हा रोजचा प्रश्न. २६ मे २०१५ पासून येतं, पण सगळ्यांना नाही. एच-१बी वाल्याचं आय-१४० मंजूर झालेलं हवं, किंवा एच-१बी च्या सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडची मुदतवाढ त्याला मिळालेली हवी. या नियमाविरुद्धचा खटला दहा वर्षं चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायला नकार दिला आणि नियम शाबूत राहिला. पण त्याच महिन्यात दुसरा फटका बसला. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी नूतनीकरणाला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवशी काम थांबवायचं. नूतनीकरण १८० दिवस आधी भरता येतं. त्यातला एकही आठवडा वाया घालवू नये.

एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदली होऊन आलेल्यांच्या जोडीदारांचं (त्यांचा व्हिसा एल-२) या बाबतीत बरं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला व्हिसाच्या दर्जामुळेच काम करता येतं, वेगळं कार्ड लागत नाही. आणि एल-१ए वरच्या मॅनेजरला ईबी-१ चा, म्हणजे असाधारण कर्तृत्वाची माणसं आणि बडे मॅनेजर यांच्या वर्गाचा, दरवाजा उघडा असतो, ज्यात पर्मही नाही आणि भारतीयांची रांगही त्या मानानं लहान. दोन्ही व्हिसांचा पर्याय समोर असलेल्या कुटुंबानं ग्रीन कार्डाचा हा हिशेब पगाराच्या आधी करावा.

आणखी एक खाच. मुख्य अर्जदाराचं कार्ड मंजूर झालं की तो एच-१बी वर राहत नाही, म्हणून जोडीदाराचा एच-४ ही त्याच क्षणी संपतो. जोडीदाराचा आय-४८५ भरून ठेवलेला असेल तर काळजी नाही, तो त्याच्या आधारावर राहू शकतो. पण काही कारणानं भरायचा राहून गेला असेल, तर पायाखाली काहीच उरत नाही. कायद्यातल्या २४५(के) या कलमानं दर्जा नसलेले १८० दिवसांपर्यंतचे दिवस माफ होतात, पण तेवढ्यात डेट करंट असायला हवी. ती मागे गेली तर अर्ज भरताच येत नाही. म्हणून दोघांचे आय-४८५ एकाच पाकिटात जावेत, वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मसकट. डिसेंबर २०२४ पासून तो फॉर्म सोबत नसेल तर अर्ज परत येऊ शकतो.

स्वतःची वाट

एच-४ वर असलेल्या माणसासाठी कंपनी पर्म लावू शकत नाही, हा पक्का गैरसमज. ग्रीन कार्डाचा अर्ज भविष्यातल्या नोकरीसाठी असतो. त्यासाठी आज एच-१बी वर असण्याची सक्ती नाही. ईबी-१ए (असाधारण कर्तृत्व) आणि नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (ईबी-२ मध्येच, देशहिताचं काम म्हणून कंपनीची अट माफ) हे दोन प्रकार तर असे आहेत, की त्यात कंपनीही लागत नाही, माणूस स्वतःच अर्ज करतो.

मग प्रत्येक एच-४ धारकानं स्वतःचा अर्ज लावावा का? दोघंही भारतात जन्मलेले आणि दोघंही ईबी-२ मध्ये असतील, तर आजची तारीख घेऊन रांगेच्या शेपटाला उभं राहून लवकर काहीच मिळत नाही. नवऱ्याची २०१५ ची जागा असताना स्वतःची २०२६ ची जागा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. तरीही दोन ठिकाणी ते कामाचं ठरतं. एक, जोडीदाराचं संशोधन, पेटंट, पुरस्कार असं काही ईबी-१ मध्ये बसणारं असेल, तर मुख्य अर्जदार बदलून टाकावा आणि इतकी वर्षं मुख्य असलेल्यानं मागे यावं. रांग लहान असलेला पुढं, हा साधा व्यवहार आहे. त्यात मानापमान आणणारी माणसं बघितली की आश्चर्य वाटतं. दोन, विमा म्हणून. जोडीदारामागची जागा लग्नावर टिकते. ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी घटस्फोट झाला, तर मागे असलेल्याचा अर्ज तिथंच संपतो, मग तो बारा वर्षं रांगेत असो. स्वतःचं आय-१४० मंजूर झालेलं असलं, तर त्याची प्रायॉरिटी डेट त्याच्याच नावावर राहते. नव्या कंपनीतून, ईबी-१, ईबी-२ किंवा ईबी-३ कुठल्याही वर्गात ती नेता येते. पती-पत्नीत मात्र तारखेची अदलाबदल होत नाही. एकाच्या मागे दुसरा लागू शकतो, इतकंच.

एच-४ सोडून स्वतःचा एच-१बी घ्यायचा असेल तर लॉटरी आहेच, वर्षाला ८५,००० जागांची. एच-४ वर काढलेली वर्षं एच-१बी च्या सहा वर्षांत मोजली जात नाहीत, ही त्यातली जमेची बाजू. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर लादलेले १,००,००० डॉलर अमेरिकेत राहूनच दर्जा बदलणाऱ्यांना लागू नाहीत, असा खुलासा इमिग्रेशन खात्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केला. त्यामुळे अर्ज चालू असताना भारतात चक्कर मारण्याआधी वकिलाला विचारा. देश सोडला की दर्जा बदलण्याची विनंती सोडून दिली असं धरतात.

लग्न कार्डानंतर झालं तर

इथं वाट बदलते. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचा वर्ग एफ२ए. आय-१३० हा नात्याच्या आधारावरचा अर्ज भरायचा, आणि त्याचा जो दाखल दिवस तीच नवी प्रायॉरिटी डेट. वर्षाला किमान सुमारे ८७,९०० जागा आहेत आणि त्यातल्या तीन चतुर्थांश देशाच्या मर्यादेतून मोकळ्या, त्यामुळे भारतीयांना इथं वेगळी लांबलचक रांग नाही. २०१९ च्या मध्यापासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत तर रांगच नव्हती. एप्रिल २०२३ पासून पुन्हा लागली. अडचण थांबण्याच्या काळाची आहे. त्या काळात सोबत राहण्यासाठी एच-४ सारखा व्हिसा नाही. आय-१३० भरल्यावर पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसा मिळवणं अवघड, कारण कायमचं राहायचा इरादा कागदावर आलेला असतो. जोडीदाराकडे स्वतःचा एच-१बी किंवा एल-१ असेल तर तो चालतो. या व्हिसांत तसा इरादा असायला मनाई नाही.

कार्डधारकाला पाच वर्षांनी नागरिकत्व घेता येतं, अर्ज त्याआधी ९० दिवस भरता येतो. नागरिक झाला की जोडीदार ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ होतो आणि त्याला रांग नाही. आधी भरलेला आय-१३० आपोआप वर सरकतो. म्हणून कार्ड मिळून चार वर्षं झाली असली तरी आय-१३० आत्ताच भरून ठेवावा, नागरिकत्वाची वाट बघत बसू नये. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवायची: एफ२ए मध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्या मागे येतात, नागरिकाच्या अर्जात प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो.

मृत्यूचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण त्याचं उत्तर असावं हातात. मुख्य अर्जदार गेला, तर पूर्वी मागच्यांचा अर्जही त्याच्याबरोबर संपायचा. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या २०४(एल) या कलमामुळे, मृत्यूच्या वेळी जोडीदार अमेरिकेत राहत असेल आणि पुढेही राहत असेल, तर अर्ज चालू ठेवण्याची मागणी करता येते. एच-४ मात्र टिकत नाही, तेव्हा राहण्याचा दुसरा दर्जा लगेच बघावा लागतो.

कागदपत्रांत आपल्या लोकांची गाडी बहुधा नावापाशी अडते. लग्नात मुलीचं नाव बदललेलं, पासपोर्टवर माहेरचं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिसरंच. त्यात जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा, नुसतं ‘स्त्री’ आणि वडिलांचं नाव. असा दाखला अपुरा धरतात. नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव घालून नवा दाखला घ्यावा; ते जमत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. १ एप्रिल १९७० पूर्वी जन्मलेल्यांची नोंद पुष्कळदा सापडतच नाही, कारण जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा त्या दिवसापासून लागू झाला. तेव्हा आधी ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला काढावा लागतो, आणि त्याला कार्यालयात किती फेऱ्या पडतील ते सांगता येत नाही. हे काम डेट करंट व्हायच्या वर्षभर आधी कुणाकडे तरी सोपवलेलं असावं.